अक्का, तुमच्या नावापुढचं गाव

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी जळगावच्या पिंप्राळ्यात, रिक्षा थांब्यापासून साधारण पन्नास पावलांवर, तुम्ही रस्त्यात कोसळलात. कापडी पिशवी उजव्या हातात होती. पिशवीत जेवणाचा डबा, चष्म्याचं घर, ऑफिसचं ओळखपत्र आणि लाल शाईचं पेन होतं. समोरच्या किराणा दुकानदाराने पाणी आणलं. दोन स्कूटरवाले थांबले. रिक्षा लगेच मिळाली. दवाखान्यात पोचण्याआधीच तुम्ही गेला होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑफिसात फोन आला तेव्हा अकरा वीस झाले होते. फोन मी घेतला.

दुकानदार बोलत होता. म्हणाला, "तुमच्या पेपरात अहिरे बाई म्हणून कोणी आहेत का?"

मी म्हणालो, "आहेत."

त्याने पुढचं सांगितलं. ते सांगून झाल्यावरही मी "आहेत, आहेत" एवढंच म्हणत होतो. शेवटी तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला ऐकू येतंय ना?"

ऐकू येत होतं. तुमच्या खुर्चीवर सोमवारी संध्याकाळी तुम्ही घडी करून ठेवलेली शाल होती. मी तिच्याकडे बघत होतो.

दुपारी चार वाजता मी तुमची निधनवार्ता लिहिली. शहर पानावरच्या निधनवार्ता सतरा वर्षं मीच लिहितो, तेव्हा ही दुसऱ्या कोणी लिहायचा प्रश्न आला नाही. नाव, वय, वेळ, कारण, अंत्यविधीचं ठिकाण, पश्चात कोण. मध्ये एक ओळ ठरलेली असते, तीही लिहिली : "त्या मूळच्या कापडणे (ता. धुळे) येथील होत." सगळं मिळून सात ओळी. चार मिनिटं लागली. मला अशा वार्तेला चारच मिनिटं लागतात.

पाच वाजता प्रूफ माझ्याच टेबलावर आलं, कारण तुमच्या टेबलावर कोणी नव्हतं. मी वाचलं. शुद्धलेखन बरोबर होतं. सही करून खाली पाठवलं.

बुधवारी सकाळी घरी अंक उघडला. पान चार, दुसरा स्तंभ. 'मूळच्या' या शब्दापाशी आलो आणि समासात लाल प्रश्नचिन्ह शोधू लागलो. छापलेल्या अंकात समासात प्रश्नचिन्ह नसतं, हे मला माहीत आहे. तरी मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मी काय केलं आहे ते मला तेव्हा कळलं.

हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही, पण जे वाचतील त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावापुढे त्याचं मूळ गाव छापण्याची रीत आहे. जळगावात तीस वर्षं राहिलेला माणूसही आपल्या पानावर मूळचा एरंडोलचा किंवा मूळचा शिरपूरचा म्हणूनच जातो. पुरुषाला बापाचं गाव लागतं. बाईला नवऱ्याचं. लग्न होऊन एकदाही त्या गावात राहिली नसेल, तरी तेच. हा नियम कोणी लिहिलेला नाही. मी आलो तेव्हा होता, मी पुढे चालवला.

तुम्ही मुद्रितशोधक म्हणून आलात त्याला बारा वर्षं झाली. त्यातली शेवटची दोन वर्षं कोणत्याही बाईच्या निधनवार्तेचं प्रूफ तुमच्याकडून परत आलं, की 'मूळच्या' शेजारी समासात लाल प्रश्नचिन्ह असायचं. मी ते खोडायचो आणि खाली लिहायचो, 'तसंच ठेवा.' दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रश्नचिन्ह. तुम्ही एकदाही दमला नाहीत. मीही नाही.

सुरुवात त्या फॉर्मपासून झाली. ओळखपत्रासाठी सगळ्यांकडून एक इंग्रजी फॉर्म भरून घेतला होता. त्यात एक रकाना होता, नेटिव्ह प्लेस. सगळ्यांनी भरून दिला. तुमचा परत आला. ऑफिसातले साळुंखे क्लार्क फॉर्म घेऊन तुमच्या टेबलाशी आले.

"अक्का, नेटिव्ह प्लेस रिकामी राहिली."

"राहिली नाही, ठेवली. कोणाची लिहू? माझी की अहिऱ्यांची?"

"दोन्ही एकच ना?"

"तुमच्या मंडळींना विचारा घरी जाऊन. मग या."

साळुंखे मान खाली घालून गेले. तुम्ही वृत्तसंस्थांच्या इंग्रजी तारांचं भाषांतरही करायचात, त्यामुळे शब्द अडला की कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन जाड कोश पाहण्याची तुम्हाला सवय होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही जाऊन आलात. डबा न उघडता बोलायला लागलात. नेटिव्ह हा शब्द लॅटिनमधून आला, तिथे त्याच्या मुळाशी जन्मणं आहे, दुसरं काही नाही. नेशन आणि नेचर त्याच घरातले. माणूस जिथे जन्मला तिथला तो नेटिव्ह. बापाचं गाव, आजोबाची जमीन, सासर, यातलं काहीही त्या शब्दात नाही.

"भाऊ, तुमचा जन्म कुठला?"

"अमळनेर."

"अमळनेरला तुमचं घर आहे. मी जन्म विचारते आहे."

"पारोळा. मामाकडे. मी थोरला ना."

"मग तुम्ही पारोळ्याचे."

"काहीतरीच काय अक्का! पारोळ्यात माझं आहे काय?"

"नाळ आहे. आणखी काय पाहिजे?"

पहिलं बाळंतपण माहेरी, ही खानदेशात घरोघरची रीत. म्हणजे घरातलं पहिलं पोर आजोळी जन्मणार आणि कागदावर कायम बापाच्या गावचं राहणार. हे तुम्ही बोटं मोजत सांगत होतात. ऑफिसातले थोरले किती, ते मोजलंत. सहा निघाले. साळुंखे पुन्हा येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "अक्का, तुमचा हिशेब धरला तर अर्धा जिल्हा मामाच्या गावचा निघेल."

"निघू द्या की. मामांना तरी कळेल भाचे किती आहेत ते."

मग तुम्ही सांगितलंत की नाईव्ह हा शब्दसुद्धा त्याच लॅटिन शब्दावरून, फ्रेंचांच्या घरून फिरून आलेला आहे. मी अर्थ विचारला.

"जन्माला आला तसाच राहिलेला. भोळसट."

"वाक्यात वापरून दाखवा."

"समोर बसलंय."

त्या दिवशी मी वाद घातला तो मला आजही बरोबर वाटतो. आपण नेटिव्हचं भाषांतर छापत नाही, आपण मूळ छापतो. मूळ म्हणजे वंश. आणि गाव छापायचं कारण वाचकाला माणूस ओळखू यावा. जन्म कुठे झाला ते शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं, कुठल्या घरचा ते सगळ्यांना असतं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "केळीचा कंद लावतानाही शेतकरी विचारतो, कुठल्या बागेतून आणला. बाईला तेवढंही विचारत नाहीत. लग्न झालं, इकडचं उपटलं, तिकडं लावलं, की तुमचं पान म्हणतं, मूळची इथलीच."

मी 'तसंच ठेवा' म्हणालो.

तुमच्याविरुद्ध मी नेहमी भास्कर पाटलांचं उदाहरण द्यायचो. खरं तर ते तुमचंच यश होतं. पिंप्राळ्यात एका नावाचे दोन भास्कर पाटील होते, दोघेही निवृत्त शिक्षक. एक गेले. मी घाईत दुसऱ्यांची माहिती घातली, मुलगे, सुना, सगळं. प्रूफ वाचताना तुम्ही खुर्चीवरून उठलात. "भाऊ, हे आज सकाळी माझ्याबरोबर रिक्षात होते. भाड्यावरून घासाघीस करत होते." जिवंत माणूस त्या दिवशी छापून गेला असता. तुम्ही वाचवलंत, त्यांनाही आणि मलाही. गाव नीट पाहिलं असतं तर घोळ झाला नसता, असं मी म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "गाव नाही, माणूस पाहिला म्हणून घोळ टळला." त्या घोळानंतर मीच एक नियम केला. निधनवार्तेतली दुरुस्ती तोंडी घ्यायची नाही. घरच्यांचं सहीचं पत्र आणि पुरावा असेल तरच छापायची. संपादकांनी तो मान्य केला. तो अजून भिंतीवर लावलेला आहे. अक्षर माझं आहे.

दिवाळीच्या सुमारास तुम्ही पुन्हा लायब्ररीत गेला होतात. तिथे आणखी जुना, अनेक खंडांचा कोश होता. परत आलात त्या वेळी चार वाजले असतील. उभ्यानेच म्हणालात, "त्याच्याही आधीचा एक अर्थ सापडला."

"आता कोणता?"

"जुन्या इंग्लंडात, मालकाच्या जमिनीवर बांधील माणसाच्या पोटी जो जन्मायचा, त्याला नेटिव्ह म्हणायचे. जन्मानेच मालकाचा."

"म्हणजे गुलाम."

"गुलाम आणावा लागतो. हा तिथेच झालेला." मग म्हणालात, "पुढे साहेब इकडे आला, तेव्हा बठ्ठ्यांना तोच एक शब्द पुरला त्याला."

धुळ्याकडच्या सासरचा 'बठ्ठा', म्हणजे सगळा, तुमच्या बोलण्यात अधूनमधून यायचा, तसा तो तेव्हा आला. मी हसलो. म्हणालो, "बघा, म्हणजे आपण छापतो तेच बरं. जन्माच्या भानगडीत पडायलाच नको."

तुम्ही हसला नाहीत. प्रूफ ओढून घेतलंत आणि वाचायला बसलात. सहा वाजता उठलात तोपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, वादात हरलात म्हणून.

आता सोमवार. तो मी जसा आठवतो तसाच लिहितो. पाच वाजता चहा आला. तुम्ही कप उचलला नव्हता.

"भाऊ, उद्या एक दुरुस्ती द्यायची आहे."

"कशातली?"

"माझ्यातली."

"आजच सांगा की."

"नको. नीट लिहून आणते. तुम्ही तोंडी घेत नाही ना."

मी म्हणालो, "बरोबर." चहा संपवला. तुम्ही शालीची घडी करून खुर्चीवर ठेवली आणि निघालात.

मंगळवारी पिशवीत कागद नव्हता. तुमच्या मुलाला, मिलिंदला, मी तीन वेळा विचारलं. डबा, चष्म्याचं घर, ओळखपत्र, पेन. चौथ्यांदा विचारायला तोंड उघडलं, तेव्हा त्याने पिशवीच माझ्यासमोर टेबलावर उलटी केली. ओळखपत्र मी उचलून पाहिलं. मागच्या बाजूला मूळ गाव यापुढे आडवी रेघ आहे.

गुरुवारी तुमचे दीर कापडण्याहून ऑफिसात आले. पांढरा सदरा, हातात बुधवारचा अंक. आभार मानायला आले होते.

"भाऊ, बरोबर छापं तुम्हीन. बठ्ठा गावनी वाचं."

मी विचारलं, "अक्कांचा जन्म कुठला, ते ठाऊक आहे तुम्हाला?"

"जनम? तो आम्हले काय ठाऊक. लगीन हुयनं तवयपासून वहिनी आमनीच शे." त्यांनी अंकावर बोट ठेवलं, कापडणे या शब्दावर. "आखो कोठली राही?"

त्यांचे डोळे भरले होते. तुमचे यजमान गेल्यावर दर हंगामात गावाकडून ज्वारी, बाजरी तुमच्या घरी पोचवणारे हेच, हे मला तुमच्याकडूनच माहीत होतं. ते खोटं बोलत नव्हते. मी चहा मागवला. दुरुस्तीचं बोलणं त्यांच्यासमोर काढलं नाही.

शुक्रवारी पिंप्राळ्याला तुमच्या घरी गेलो. मिलिंद दीपनगरहून आला तो तिथेच थांबला आहे, सूनबाईही. मी त्याला झालेलं सगळं सांगितलं. लाल प्रश्नचिन्हं, माझं 'तसंच ठेवा', सोमवारचा चहा. मग त्याने ट्रंक उघडली आणि तुमचा शाळा सोडल्याचा दाखला काढला. जन्मस्थळ, भुसावळ. शाईचं अक्षर स्वच्छ, शिक्का पूर्ण उमटलेला.

"आईचं माहेर भुसावळच. आजोबा रेल्वेत होते," तो म्हणाला. "मी पत्र लिहून देतो, काका."

पुरावा मिळाला होता. माझ्या नियमाप्रमाणे तेवढा पुरे होता. मी दाखल्यावरचा नंबर उतरवून घेतला आणि वही मिटली.

चहाचा कप ठेवताना सूनबाई म्हणाल्या, "आई मागच्या महिन्यात फैजपूरला गेल्या होत्या. सखू आजीकडे. आल्या त्या दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. फोनवर सुद्धा हो-नाही एवढंच."

सखू आजी म्हणजे तुमच्या आईची धाकटी बहीण. मी वही पुन्हा उघडली.

शनिवारी सकाळी मिलिंद आणि मी एस.टी.ने निघालो. भुसावळ सोडल्यावर तो खिडकीतून बाहेर बघत होता. सावद्याच्या अलीकडून दोन्ही बाजूंना केळी सुरू झाली. रस्ताभर तो दोनच वाक्यं बोलला, दोन्ही वेळा वेळ विचारली.

तुमची मावशी ओट्यावर बसली होती. अडुसष्टची असेल, नजर चांगली आहे, कान त्याहून चांगले. तुम्ही गेल्याचं तिला मंगळवारीच कळवलं होतं. मिलिंदला तिने जवळ ओढलं, बराच वेळ सोडलं नाही. मग मी विचारलं.

"मावशी, अक्कांचा जन्म भुसावळचा ना?"

"कोन सांगे? भुसावय त मंग झालं. तिचा बाप रेल्वेत लागला, तवा कुसुम दोन वर्साची व्हती."

"मग इथे, फैजपुरात?"

"गावात? गावात आपलं घर कोठी व्हतं तवा!" तिने हात हलवून गावाबाहेरची दिशा दाखवली. "माहे माय-बाप सालदार व्हते, केयीच्या मयात. बहीण पहिलटकरीन, बायंतपनाले माहेरी आली. माहेर म्हंजे काय, त मयातली खोपी. मी दहा वर्साची व्हती. ईरीवरून पानी म्याच आनलं."

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने मालकाच्या मळ्यात राहून राबणारा गडी. मिलिंदला तो शब्द समजावण्याची गरज नव्हती. त्याचे हात मांडीवर होते, ते तिथेच राहिले.

मावशी पुढे सांगत होती, मी थांबवलं नाही. "सकायी मालक आला. म्हने, पोरगी झाली का? बरं झालं. मोठी झाली का निंदाले कामी येईन. हासला, गेला. वाईट नवता मानूस, गुळाचा खडा दिऊन गेला. पन कुसुमचा बाप तठीच उभा व्हता. त्यानं ते आयकलं. बहिनीले म्हने, ही पोरगी या मयात निंदनार नाही. तवापासून तो रेल्वेच्या मांगं लागला."

"आणि शाळेत भुसावळ?"

"त्यानंच लिव्हलं. मास्तरानं इचारलं, जनम कोठी? त्यानं सांगतलं, भुसावय. मुद्दाम. आम्हाले सगयाले सांगून ठेवलं, पोरीले कधी बोलू नका. म्या बी नाही बोलली. मागच्या मयन्यात आली अन् खोदून खोदून इचारलं. मंग सांगतलं."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. उठली. म्हने, मावशी, ती जागा दाखव. गेलो दोघी. खोपी नाही आता, ईर हाये. ईरीजोळ उभी रायली. म्या म्हनलं, रडू नको व माय. त म्हने, रडत नाही, बघून घेते. मंग म्हने, चाल, गाडी चुकीन."

आम्हीही गेलो. गावापासून वीस मिनिटं चालावं लागतं. विहीर आहे, तिच्यावर मोटर बसवली आहे. भोवती केळी निसवलेली, घड बाहेर आलेले. मिलिंद विहिरीच्या काठाशी गेला आणि थांबला. मी ठिकाण वहीत लिहून घेतलं. दिवाळीच्या सुमाराचा तो दिवस, तुमचं उभ्याने बोलणं, 'हा तिथेच झालेला', आणि माझं हसणं मला तिथे ऐकू आलं. त्या दिवशी तुम्हाला ठाऊक नव्हतं. संशय मात्र आला असणार, म्हणून तुम्ही मावशीकडे गेलात. मी दोन वर्षं रीत राखत होतो आणि तुम्ही चौकशी करत होतात. आपल्या दोघांत बातमीदार म्हणून पगार मी घेतो.

परतीच्या गाडीत मिलिंद सावद्याला बोलला.

"काका, आजोबांनी मुद्दाम भुसावळ लिहिलं. तिच्यासाठी लिहिलं. ते मी खोडायचं?"

"मला सांगता येत नाही."

"छापलं तर ते वर बसून म्हणतील, एवढं झाकलं आणि नातवाने पेपरात दिलं."

गाडी सुटली. भुसावळच्या पुलावर तो म्हणाला, "आई सोमवारी काय म्हणाली, ते पुन्हा सांगा. तिच्याच शब्दांत."

मी सांगितलं. माझ्यातली दुरुस्ती आहे. नीट लिहून आणते.

"म्हणजे तिने ठरवलं होतं."

"असं दिसतं. पण लिहून दिलेलं नाही."

"तुमचा नियम मला माहीत आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून पाहिलं. "तिला लिहायला एक दिवस मिळाला नाही. मी लिहितो."

ऑफिसात पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. तो तुमच्या टेबलाशी बसला. शाल त्याने उचलून मांडीवर घेतली. कोरा कागद मी दिला. त्याने लिहिलं, माझ्या आईचा जन्म फैजपूर येथे झाला. सही केली. कागद माझ्याकडे सरकवला आणि लगेच परत घेतला. 'येथे' खोडलं. वर लिहिलं, 'शिवारात'. गावठाणात नाही, शिवारात. खोडलेल्या जागी पुन्हा सही केली.

संपादकांनी पत्र वाचलं. पुरावा विचारला. मी सांगितलं, जन्माच्या वेळी हजर असलेली एक व्यक्ती, आज भेटलो, जागा पाहिली. दाखल्यावर भुसावळ आहे, तेही सांगितलं. ते म्हणाले, "दाखल्याविरुद्ध छापायचं?" मी हो म्हणालो. त्यांनी पत्रावर सही केली.

अक्का, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. गेल्या वर्षी ओळखपत्राचे फॉर्म नव्याने भरून घेतले, तेव्हा मी अमळनेर लिहून खोडलं आणि पारोळा लिहिलं. साळुंख्यांनी पाहिलं आणि फॉर्म गठ्ठ्यात लावला. तुम्हाला सांगितलं असतं तर वाद मी हरलो असं झालं असतं. म्हणून सांगितलं नाही. आणखीही बरंच आहे. बारा वर्षांत तुम्ही माझ्या किती चुका छापण्याआधी पकडल्या, त्याबद्दल मी एकदाही तोंडाने काही म्हणालो नाही. तुमच्या वाट्याला आलेल्या सात ओळी मी चार मिनिटांत लिहिल्या, त्यात एक चुकीची होती, आणि ती पकडणारं तेव्हा कोणी नव्हतं. मंगळवारपासून मी रोज टेबलावर आलेल्या प्रूफाचा समास आधी बघतो.

आज रविवार. पिंप्राळ्याला तुमच्या घरी सकाळी अकरा वाजता बुद्धवंदना आणि पुण्यानुमोदन झालं. कापडण्याहून दीर आणि त्यांची माणसं आली होती. फैजपूरहून मावशी आली होती. दिरांच्या हातात आजचा अंक होता. त्यांनी तो मावशीसमोर धरला, मावशीला वाचता येत नाही म्हणून मोठ्याने वाचून दाखवला, आणि मग तिच्या पाया पडले.

मजकूर पान चारवर, दुसऱ्या स्तंभात, वरून तिसरा आहे. पाच ओळी : "कुसुम रामदास अहिरे यांच्या निधनाच्या वृत्तात त्या मूळच्या कापडणे येथील असल्याचे प्रसिद्ध झाले होते. कापडणे हे त्यांचे सासर. त्यांचा जन्म फैजपूर (ता. यावल) शिवारात झाला, असे त्यांचे पुत्र मिलिंद अहिरे यांनी कळवले आहे. पुण्यानुमोदन आज सकाळी अकरा वाजता पिंप्राळा येथील निवासस्थानी होईल."

प्रूफ शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आलं. ते मी वाचलं नाही. मिलिंदने वाचलं, तुमच्या खुर्चीवर बसून, तुमचं लाल पेन हातात धरून. समासात खूण नाही.